पहिलीतला एप्रिल

एप्रिल उजाडला की शाळा सकाळच्या होतात. सात-साडेसातला घंटा होते आणि ऊन डोक्यावर यायच्या आत पोरं घरी. वरच्या वर्गांत परीक्षेची धांदल असते, वर्तमानपत्रांत टक्के आणि प्रवेश यांच्या बातम्या सुरू होतात, आणि या सगळ्या गडबडीत टोकाच्या खोलीत बसलेल्या पहिलीच्या वर्गाकडे कुणाचं लक्ष जात नाही. पहिलीला कसली आली परीक्षा, असं आपण म्हणतो. ते बरंचसं खरं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्या पद्धतीत पहिली-दुसरीसाठी वर्षभर वर्गात चाललेल्या कामाला सत्तर टक्के वजन आणि सत्राच्या शेवटच्या चाचणीला तीस टक्के. पहिलीत कुणाला नापास करायचं नाही. हे चांगलंच झालं. सहा-सात वर्षांच्या पोराच्या कपाळावर तो शिक्का मारून आपण काय मिळवणार होतो?

पण नापास कुणी होत नाही, म्हणजे ज्याला वाचता आलेलं नाही तेही मूल दुसरीत जातं. दुसरीतून तिसरीत जातं. आणि तिसरीपासून पुढची सगळी पुस्तकं हे गृहीत धरून चालतात की मुलाला वाचता येतं. गणिताचं उदाहरणसुद्धा आधी वाचायचं असतं, मग सोडवायचं असतं. तिथं अडलेलं मूल बोलत नाही, रडत नाही, नुसतं मागच्या रांगेत सरकतं. ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला सांगते. आधी अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता येते, असं तिच्या अलीकडच्या फेऱ्यांत दिसत आलं आहे. उरलेली निम्मी मुलं कधीतरी पहिलीत होती. म्हणून पहिलीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत वर्गात काय चालतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुष्कळ ठिकाणी उजळणी चालते. पाटीभर अक्षरं काढा, शंभरपर्यंत आकडे लिहून आणा, बाराखडी घोका. मुलाचा हात दुखतो आणि पालकांना अभ्यास झाल्यासारखा वाटतो. मला या उजळणीचं फारसं कौतुक नाही. वर्षभर मूल अक्षरं गोळा करतं. आता त्या अक्षरांचं काहीतरी करून बघायची वेळ असते, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला पुन्हा मोजदादीला बसवतो.

अक्षरं गोळा करणं हे काम मुळीच सोपं नाही, हे आपण मोठी माणसं विसरून गेलेलो असतो. ‘किती’ हा शब्द घ्या. कानाला आधी ‘क’ ऐकू येतो. कागदावर मात्र डावीकडून पाहिलं तर आधी वेलांटी उभी असते. म्हणजे जे नंतर ऐकू येतं ते आधी दिसतं. पुढच्या ‘ती’मध्ये वेलांटी आपली मुकाट्यानं अक्षरामागे गेलेली. सहा वर्षांच्या मुलानं हे पचवायचं. शिवाय ‘भ’ आणि ‘म’ सारखे, ‘घ’ आणि ‘ध’ सारखे, ‘ब’च्या पोटातली रेघ पुसली की ‘व’. जूनमध्ये ज्याला खडू नीट धरता येत नव्हता, ते मूल एप्रिलमध्ये ‘गिरणी’ हा शब्द वाचतं, तेव्हा त्यानं कसला डोंगर ओलांडलेला असतो!

हा डोंगर त्याचा त्याला दिसला पाहिजे. काही शिक्षक एक साधी गोष्ट करतात. जूनमध्ये प्रत्येक मुलाचा एक कागद जपून ठेवतात. त्यावर नाव म्हणून काढलेल्या रेघोट्या असतात, एखादं डोकं-हात-पाय एकत्र झालेलं माणूस असतं. एप्रिलमध्ये तोच कागद परत हातात देतात आणि शेजारी आज तेच काढायला सांगतात. मुलं आधी हसतात, मग दोन्ही कागद घेऊन वर्गभर फिरतात. भिंतीवर जूनमध्ये खडूनं आखलेली उंचीची खूणही याच वेळी उपयोगी पडते. दोन खुणांमधलं अंतर बोटांनी मोजायचं. कुणाचं तीन बोटं, कुणाचं चार. मोजणं शिकवायला याहून चांगली पट्टी मला तरी माहीत नाही.

दुसरा उपक्रम पुस्तकाचा. दोन कोरे कागद मध्ये दुमडून सुई-दोऱ्यानं टाचले की आठ पानांचं पुस्तक होतं. पहिल्या पानावर नाव. आत आपली शेळी, आपली आजी, पावसात गळणारं घर, जे असेल ते. ज्याला लिहिता येतं त्यानं लिहायचं. ज्याला येत नाही त्यानं चित्र काढून सांगायचं आणि बाईंनी त्याच्याच शब्दांत खाली लिहायचं. ‘त्याच्याच शब्दांत’ यावर माझा भर आहे. मूल म्हणालं, ‘आमची शेळी लई वरडती’, तर ‘आमची शेळी खूप ओरडते’ असं लिहू नये. आपण बोललो ते कागदावर उतरलं आणि उद्या सकाळी पुन्हा तसंच वाचता आलं, एवढं मुलाला कळलं की वाचणं म्हणजे काय हे त्याला कळलं. प्रमाणभाषा यायची ती येईल. पुढं नऊ वर्षं शाळाच आहे.

इथं घरच्या भाषेचा प्रश्न येतो, आणि तो मला जवळचा आहे. आमच्यासारख्या घरांत दखनी बोलतात. मांजराला बिल्ली म्हणत मोठं झालेलं मूल पहिलीत येतं आणि पुस्तकात मांजराचं चित्र बघतं. त्याला अक्षर तर नवं असतंच, शब्दही नवा असतो. दखनीत ‘ळ’ नाही. ‘ण’चं तसंच. त्यामुळे ते मूल ‘कमळ’ला ‘कमल’ लिहितं आणि ‘पाणी’ला ‘पानी’. त्याच्या वहीवर लाल रेघ येते. खरं तर त्यानं जे ऐकलं ते अचूक लिहिलेलं असतं. कान आणि हात दोन्ही नीट काम करताहेत. तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या किंवा सातपुड्यात भिली-पावरी बोलणाऱ्या मुलांपुढची अडचण तर याहून मोठी आहे. वर्षअखेरीस अशा मुलाकडून मांजराचं नाव दोन भाषांत लिहून घेतलं आणि वर्गात लावलं, तर बाकीच्या मुलांनाही एक शब्द फुकट मिळतो.

मग अक्षरं घेऊन गावात फिरायचं. एक सकाळ पुरते. पिठाची गिरणी, रास्त भाव दुकान, ग्रामपंचायत, दवाखाना, चौकातला फ्लेक्स, एस.टी.च्या कपाळावरची पाटी. ‘ग्रामपंचायत’मधला ‘ग्र’ पुष्कळांना जमत नाही, पण ‘पंचायत’ जमतं आणि मग उरलेलं अंदाजानं. हा अंदाज करू द्यावा. आपणही अनोळखी गावात पाट्या अशाच वाचतो. बिस्किटाच्या पुड्याचा कागद, साबणाचं वेष्टन, घरातलं रेशनकार्ड, हे सगळं वाचनाचं साहित्य आहे आणि त्याला निधी लागत नाही.

आकड्यांचं मात्र जरा सावकाश सांगतो, कारण मराठीत आकड्यांनी एक गंमत करून ठेवली आहे. ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लिहिताना आधी २, मग ५. म्हणून पहिलीतलं मूल पंचवीस ऐकून ५२ लिहितं. दखनी बोलणाराही ‘पच्चीस’ म्हणतो, त्यामुळे या बाबतीत आम्ही सगळे एकाच नावेत! ‘एकोणतीस’ तर आणखी पुढचं. त्यात वीस नाही, नऊ नाही. तिसाला एक कमी. अजून न आलेल्या तिसाचा हिशेब मुलानं आधीच धरायचा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधानसभेपासून विनोदांपर्यंत सगळीकडे तोच विषय. माझं मत विचाराल तर बाजारात पंचवीस म्हणतात, म्हणून मुलानं पंचवीस म्हणायला शिकलं पाहिजे. पण त्याआधी पंचवीस त्याच्या हातात असले पाहिजेत. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं. अशा दोन जुड्या आणि पाच सुट्या. चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मांडले तरी चालतं. जुड्या आधी, सुट्या नंतर, हे हातानं दहा वेळा केलेलं मूल ५२ लिहायचं हळूहळू थांबवतं.

एप्रिलमध्ये यातूनच वर्गात बाजार भरवता येतो. कांदे, लिंबं, शेंगा घरून आणायच्या, कागदाची नाणी करायची, आणि विकणाऱ्यानं सुटे पैसे परत द्यायचे. वीस रुपये घेऊन सहा परत करताना जी तारांबळ उडते, ती खरी वजाबाकी.

आता ज्या मुलांचा एप्रिल वेगळा असतो, त्यांच्याविषयी. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगर या भागांतून दरवर्षी लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे आजी-आजोबा असतील, गावात हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर मुलं राहतात. नाहीतर आई-बापाबरोबर कोपीवर जातात. पहिलीतलं असं मूल जून ते दिवाळी शाळेत बसतं, आठ-दहा अक्षरं शिकतं, आणि पाच महिन्यांनी परत येतं तेव्हा वर्गातली पोरं गोष्ट वाचत असतात. इतरांसाठी एप्रिल म्हणजे निरोपाचा महिना. याच्यासाठी शाळा पुन्हा सुरू होण्याचा. त्याला त्या दिवशी चाचणीचा कागद देणं म्हणजे त्याला पुन्हा कोपीवर पाठवणं आहे.

आणि त्याला काही येत नाही असंही नसतं. दहाची जुडी बांधायला सांगा. तो तिला मोळी म्हणेल. मोळी म्हणजे काय, ती कशी बांधतात, गाडीत किती बसतात, हे वर्गात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मग दशकाला दोन आठवडे मोळीच म्हणावं. दोन मोळ्या आणि पाच सुट्या. आठ पानांच्या पुस्तकात त्यानं ट्रॅक्टर काढावा, कोयता काढावा, पहाटेची थंडी सांगावी, आणि बाईंनी ते लिहावं. त्याच्या पुस्तकातले ‘ऊस’, ‘गाडी’, ‘मोळी’, ‘आई’ हे शब्द त्याच्यासाठी पुस्तकातल्या कुठल्याही धड्याआधीचे आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हा मूल येत नाही म्हणून शाळाच रानात गेली होती. इथं मूल आपल्या पायांनी परत आलेलं आहे, तेही एप्रिलच्या उन्हात.

२०२२ पासून राज्यात एप्रिलच्या सुमारास शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. जूनमध्ये पहिलीत येणारी मुलं आईचा हात धरून येतात, वेगवेगळ्या टेबलांपाशी उड्या मारतात, रंग ओळखतात, वस्तू मोजतात. माझी सूचना अशी की या टेबलांवर मोठ्यांच्या जोडीला पहिलीचीच मुलं बसवावीत. अंगणवाडीतल्या मुलासमोर आपलं शिवलेलं पुस्तक धरून वाचायला मिळालं की अडखळणारं मूलसुद्धा मोठ्या आवाजात वाचतं. ऐकणाऱ्याला चूक कळत नाही, हा त्यातला मोठाच फायदा.

१ मे रोजी झेंडावंदन झालं की प्रगतिपुस्तक मिळतं. त्यातल्या श्रेणीवर पालकांचे डोळे जातात, ते जाणारच. पण त्या दिवशी आणखी एक चिठ्ठी तयार असावी, पालकांसाठी नव्हे, दुसरीच्या बाईंसाठी. याला ‘भ’ आणि ‘म’ अजून वेगळे दिसत नाहीत. हिला वेलांटी जमते, उकार नाही. हा नोव्हेंबर ते मार्च नव्हता. दहापर्यंत पक्कं, पुढं मोळ्यांनी सांगा. ही घरी दखनी बोलते, ‘ळ’ला वेळ द्या. तीस मुलांच्या तीस ओळी, एक पाठपोट कागद. तो दुसरीच्या हजेरीपटात लावून ठेवायचा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवी पुस्तकं वाटायच्या आधी, वाचायचा.