पवनी : वैनगंगेकाठचे विस्मृत नगर

पोर्तुगालमध्ये मोंदेगु नदीच्या तीरी कोइंब्रा नावाचे प्राचीन नगर आहे. तेथे १३५५ साली राजाज्ञेने इनेस द कास्त्रो या स्त्रीचा वध झाला. दरबारी दप्तराच्या चार ओळींत सहज विरून जावी अशी ही घटना, काही काळ गोव्यात वास्तव्य केलेल्या कामोइंश कवीने १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाकाव्यात गुंफली आणि त्या नगराला साहित्यात कायमचे स्थान मिळवून दिले. भंडारा जिल्ह्यातील पवनी वयाने अशा नगरांपुढे मान खाली घालणारी नाही. पण तिचा कवी कोण, असे कोणी विचारले तर आपण निरुत्तर होतो, आणि ते निरुत्तर होणे अनाठायी आहे.

एका अंगाला वैनगंगा आणि इतर बाजूंना मातीचा प्रचंड तट व खंदक, अशा बंदोबस्तात वसलेल्या या कसब्याची प्राचीनता १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी शां. भा. देव आणि ज. प्र. जोशी यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या उत्खननाने निर्विवाद सिद्ध झाली. ज्या टेकडीवर जगन्नाथाचे देऊळ उभे आहे, तिच्या पोटातून विटांचा विशाल बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या शिलाखंडांवर दान देणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली, तर एका स्तंभावर मुचलिंद नाग त्याच्या नामोल्लेखासह प्रकट झाला. माझ्या मते, येथेच मिळालेला महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मृतिस्तंभ, किंवा भार राजा भगदत्ताचा शिलालेख इतिहासकारांना कितीही मोलाचे वाटोत, पवनीचे खरे वैभव या दात्यांच्या नावांत आहे; कारण राजांची नावे राहतातच, गृहस्थांची क्वचित.

आता कवीचा प्रश्न. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या प्रभावतीगुप्ता या कन्येचा पुत्र, याचा भूमिदानाचा एक ताम्रपट पवनीस मिळाला आहे. आपल्या महसुली भाषेत सांगायचे तर ती इनामाची सनदच. ज्या पुरुषाच्या आज्ञेने ती कोरली गेली, तोच महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ या महाकाव्याचा कर्ता, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. या काव्याची कीर्ती सागरापार गेल्याचे बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या प्रारंभी गौरवाने नमूद केले आहे. कालिदासाने ते रचले किंवा सुधारले, अशीही एक जुनी आख्यायिका आहे. राजाने काव्य लिहावे हे पंडितांच्या पचनी सहसा पडत नाही, एवढाच तिचा अर्थ मी घेतो. प्रवरसेनाने पवनीवर काव्य रचले नाही हे खरे. तथापि मराठीच्या पूर्वज भाषेत महाकाव्य लिहिणाऱ्याची सनद ज्या मातीत सापडली, ते गाव साहित्याला परके कसे मानावे?

पुढील शतकांत येथे घाट आणि देवळे इतकी वाढली की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणू लागले. येथील कोष्ट्यांच्या मागावरील तलम वस्त्रांचाही एके काळी लौकिक होता. अलीकडे तालुक्याची ओळख गोसीखुर्दच्या धरणाने होते. मेघदूताच्या ओढीने रामटेकला जाणाऱ्या रसिकांनी परतीच्या वाटेवर वाकडी वाट करून एक दिवस पवनीसाठी राखावा, आणि आमच्या शाळांनी सहलीच्या यादीत जगन्नाथ टेकडीचे नाव घालावे.