रिप्लेत न सापडणारं

वरळीचा एनएससीआय डोम कबड्डीवाल्यांना चांगला ठाऊक आहे. यू मुंबा संघाचे घरचे सामने इथेच रंगले. कबड्डीत कॅमेरावाल्याला खेळ शोधावा लागत नाही. चढाईपटूचा दम, मांडीवरची थाप, सुटलेली पकड, सगळं अंगावरच उमटतं. एप्रिल २०१९ मध्ये याच छताखाली ‘ईएसएल वन मुंबई’ झाली. डोटा २ या खेळाची, तीन लाख डॉलर बक्षिसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. गळ्यात मीडियाचा पास घालून मी मंचाच्या कडेला उभा होतो. पाच विरुद्ध पाच, आणि दहाही जण खुर्चीत बसलेले.

या पासाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. थेट प्रक्षेपणाचे हक्क आयोजकांकडे असतात. मोठ्या पडद्यावर दिसणारा खेळ आपण टिपायचा नसतो. ते काम ऑब्झर्व्हरचं. तो पडद्यामागे माऊस आणि कीबोर्ड घेऊन बसलेला असतो, आणि नकाशाच्या कोणत्या कोपऱ्यात आत्ता बघायचं हे तोच ठरवतो. खेळातला खरा कॅमेरामन तो. शिवाय डोटाच्या प्रत्येक सामन्याची रिप्ले फाइल तयार होते. ती व्हिडिओ नसते, सामन्यात घडलेल्या हालचालींची नोंद असते. त्यामुळे नंतरही तीच लढाई वेगळ्या कोनातून, वेगळ्या खेळाडूच्या नजरेने पाहता येते. क्रिकेटमध्ये कॅमेऱ्याने चुकवलेला झेल कायमचा गेला. इथे एकही कॅमेरा नसला तरी सामना जसाच्या तसा उरतो.

मग आम्ही तिथे कशासाठी? माझं उत्तर मला डोममध्येच मिळालं.

डोटाच्या नकाशावर अंधार असतो. आपल्या संघाला जेवढं दिसेल तेवढंच आपल्या पडद्यावर. प्रेक्षकांना मात्र दोन्ही बाजू दिसतात. एक संघ ‘स्मोक’ लावून शत्रूच्या नजरेआड होतो, पाचही जण झाडीतून दबा धरून निघतात, आणि हॉलमध्ये आधी कुजबुज, मग गलका सुरू होतो. ज्याच्यावर झडप पडणार आहे, तो मात्र शांतपणे आपलं सोनं गोळा करत असतो. त्या गलक्यातून त्याला काही कळू नये म्हणूनच हेडफोन असे घट्ट असतात. काही स्पर्धांत तर खेळाडूंना ध्वनिरोधक काचेच्या खोलीत बसवतात. समोर हजारो लोकांना माहीत आहे, याला नाही, आणि कॅमेरावाला या दोघांच्या मधोमध. मग त्याचे डोळे विस्फारतात, खांदे पुढे येतात. गलक्यापासून त्या नजरेपर्यंतचे दोन-तीन सेकंद माझे.

ते मिळवायचे तर खेळ कळलाच पाहिजे. रोशन हा राक्षस पडला आणि त्याची एजिस कोणाच्या हाती लागली, म्हणजे कोणता गडी मेल्यावरही पुन्हा उठणार, हे कळलं तर लेन्स कुणावर रोखायची ते ठरतं. ‘बायबॅक’ला पुरेल एवढं सोनं कोणाकडे उरलंय, म्हणजे कोण पैसे मोजून ताबडतोब रणात परतू शकतो, हेही बघत राहावं लागतं. डोटाला घड्याळाची शिट्टी नसते. सामना पंचवीस मिनिटांत आटपतो, कधी तासाच्या पुढे जातो. हरणारा संघ ‘जीजी’ लिहितो आणि सगळं संपतं. पहिल्या दिवशी एका सामन्याचा असा शेवट झाला तेव्हा माझा कॅमेरा प्रेक्षकांकडे होता. तो क्षण गेला तो गेलाच. त्यानंतर मी व्ह्यूफाइंडरला एक डोळा आणि मोठ्या पडद्याला दुसरा, असाच उभा राहिलो.

तंत्राच्या अडचणी वेगळ्याच. एलईडीची भिंत मागे आली की शटरचा वेग जुळेपर्यंत चित्रावर काळ्या पट्ट्या सरकतात, आणि फोकस त्या भिंतीवर गेला तर जाळीदार लहरी उठतात. फ्लॅश वर्ज्य. चेहऱ्यावर उजेड पडतो तो बराचसा मॉनिटरचाच, निळसर आणि सतत बदलणारा. आणि खेळाडूच्या खांद्यावरून त्याचा पडदा टिपायचा नाही. तिथलं एक चित्र वेळेआधी बाहेर गेलं तर अंधारावर उभा असलेला अख्खा खेळ कोसळेल.

व्हॉल्व्ह या डोटाच्या कंपनीने ‘ट्रू साइट’ नावाचे माहितीपट काढले आहेत. २०१८ मध्ये व्हँकुव्हरला झालेल्या डोटाच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत ओजी या संघाने पीएसजी.एलजीडीला ३-२ ने हरवलं. त्या फेरीवरच्या माहितीपटात कॅमेरे थेट खेळाडूंसोबत बंद खोलीत आहेत. आम्हा पासवाल्यांना तिथे प्रवेश नसतो, आणि याचा मला हेवा वाटतो. मी तो माहितीपट अनेकदा पाहिला आहे. दर वेळी लक्षात राहतं ते एकमेकांना धीर देणारं त्यांचं बोलणं. कोणत्या चालीने बुरूज पडला, ते पुन्हा पुन्हा विसरायला होतं.

मुंबईची ती स्पर्धा चीनच्या कीन गेमिंगने जिंकली. करंडकाकडे सगळे कॅमेरे धावले, माझाही धावला. पण घरी येऊन कार्ड उघडलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो तो आधीच्या दिवसाच्या एका तुकड्यावर. हरलेल्या संघातला एक मुलगा. पडद्यावर निकाल लागलेला, बाकीचे हेडफोन काढून उठलेले. त्याचा उजवा हात माऊसवर तसाच, आणि तर्जनी दाबते आहे. एकदा, दोनदा, पुन्हा. सामना संपलेला असल्यामुळे त्या क्लिक रिप्लेत नाहीत.