लॉस एंजेलस काउंटी शेरीफ निवडणूक, २०२२

लॉस एंजेलस काउंटी शेरीफ निवडणूक, २०२२ ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलस काउंटीचा शेरीफ निवडण्यासाठी झालेली निवडणूक होती. तिची प्राथमिक फेरी ७ जून, २०२२ रोजी व अंतिम फेरी ८ नोव्हेंबर, २०२२ रोजी झाली. लाँग बीच शहराचे निवृत्त पोलीस प्रमुख रॉबर्ट लूना यांनी तत्कालीन शेरीफ अलेक्स व्हिलानुएवा यांचा पराभव केला. नवे नेतृत्व आणि उत्तरदायित्व हे लूना यांच्या प्रचाराचे मुख्य आश्वासन होते. लोकनियुक्त शेरीफला गंभीर कारणास्तव पदावरून दूर करण्याचा अधिकार काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाला देणारा 'मेझर ए' हा प्रस्तावही याच मतदानात संमत झाला.

पदाचे स्वरूप

मराठी भाषकांना शेरीफ हे पद प्रामुख्याने मुंबईच्या संदर्भात परिचित आहे. मुंबईचा शेरीफ अर्थात नगरपाल हे मानाचे पद असून त्यावर एका प्रतिष्ठित नागरिकाची एक वर्षासाठी नेमणूक केली जाते. दिलीप कुमार, सुनील गावसकर आदींनी हे पद भूषविले आहे. मुंबईतील व अमेरिकेतील शेरीफपदाचे मूळ इंग्लंडच्या जुन्या प्रशासनव्यवस्थेत आहे. तथापि अमेरिकेतील काउंटी शेरीफ हा प्रत्यक्ष पोलीस अधिकार असलेला आणि बहुतेक राज्यांत थेट जनतेने निवडलेला अधिकारी असतो.

लॉस एंजेलस काउंटीची लोकसंख्या सुमारे १ कोटी असून तीत ८८ शहरे आहेत. लॉस एंजेलस, लाँग बीच यांसारख्या मोठ्या शहरांची स्वतःची पोलीस दले आहेत. कोणत्याही शहराच्या हद्दीत न येणाऱ्या भागांचे पोलीसकाम शेरीफ विभाग करतो. याखेरीज करार करून सेवा घेणाऱ्या सुमारे ४० शहरांतील बंदोबस्त, न्यायालयांची सुरक्षा व काउंटीचे तुरुंग यांची जबाबदारीही याच विभागाकडे आहे. हा अमेरिकेतील सर्वांत मोठा शेरीफ विभाग असून त्याची स्थापना १८५० साली झाली.

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार काउंटीचा शेरीफ निवडणुकीद्वारेच नेमला जातो. शहराच्या पोलीस प्रमुखाची नेमणूक व बदली शहर प्रशासन करते. शेरीफच्या बाबतीत असे वरिष्ठ कार्यालय नसते. विभागाचा अर्थसंकल्प पाच सदस्यांचे पर्यवेक्षक मंडळ मंजूर करते, परंतु शेरीफच्या तपासकामात हस्तक्षेप करण्यास मंडळाला कायद्याने मनाई आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकात हे पद अत्यंत स्थिर होते. १९३२ ते १९९८ या ६६ वर्षांत यूजीन बिस्कायलुझ, पीटर पिचेस व शर्मन ब्लॉक असे तीनच शेरीफ झाले. १९९८ साली निवडणुकीच्या काही दिवस आधी ब्लॉक यांचे निधन झाले व ली बाका निवडून आले.

२०११ पासून काउंटीच्या तुरुंगांतील कैद्यांना होणाऱ्या मारहाणीची चौकशी एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने हाती घेतली. एफबीआयला माहिती देणाऱ्या एका कैद्याला विभागातील अधिकाऱ्यांनी दडवून ठेवल्याचे या चौकशीत उघड झाले. बाका यांनी जानेवारी २०१४ मध्ये राजीनामा दिला. पुढे चौकशीत अडथळा आणल्याप्रकरणी त्यांना तीन वर्षांची व त्यांचे उपप्रमुख पॉल तनाका यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

२०१४ च्या निवडणुकीत लाँग बीचचे तत्कालीन पोलीस प्रमुख जिम मॅकडॉनेल यांनी तनाका यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. विभाग स्वच्छ करण्यासाठी बाहेरची व्यक्ती हवी, हा त्या निवडणुकीचा कौल मानला गेला. चार वर्षांनी २०१८ मध्ये विभागातील निवृत्त लेफ्टनंट अलेक्स व्हिलानुएवा यांनी मॅकडॉनेल यांना हरविले. विद्यमान शेरीफ पराभूत होण्याची १९१४ नंतरची ही पहिलीच वेळ होती. डेमोक्रॅटिक पक्षाचा सदस्य शेरीफ होण्याचा प्रसंगही १३८ वर्षांनी आला. व्हिलानुएवा यांनीही विभागात सुधारणा व पुनर्बांधणी करण्याचे आश्वासन दिले होते.

व्हिलानुएवा यांची कारकीर्द

पदग्रहणानंतर व्हिलानुएवा यांनी स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या कर्मचाऱ्यांना काउंटीच्या तुरुंगांतून बाहेर काढले. मात्र लवकरच त्यांचे पर्यवेक्षक मंडळाशी मतभेद सुरू झाले. बडतर्फ झालेल्या एका डेप्युटीला त्यांनी सेवेत परत घेतल्यावर काउंटीने न्यायालयात धाव घेतली व २०१९ मध्ये न्यायालयाने काउंटीच्या बाजूने आदेश दिला.

विभागातील डेप्युटींचे गुप्त गट हा सर्वांत मोठा वादविषय ठरला. विशिष्ट ठाण्यांतील डेप्युटी समान चिन्हे अंगावर गोंदवून घेतात, बाहेरच्या सहकाऱ्यांना त्रास देतात आणि बळाच्या अतिरेकी वापराला उत्तेजन देतात, असे आरोप अनेक दशके होत होते. लोयोला विधी महाविद्यालयाच्या २०२१ च्या अहवालात अशा किमान १८ गटांची नोंद आहे. असे गट स्थापण्यास बंदी घालणारे धोरण आपणच आणले, असा व्हिलानुएवा यांचा दावा होता. या गटांना टोळ्या म्हणणे मात्र त्यांनी अमान्य केले.

नागरी देखरेख आयोगाला समन्स बजावण्याचा अधिकार मतदारांनी मार्च २०२० मध्ये दिला होता. व्हिलानुएवा यांनी आयोगाच्या समन्सला अनुसरून शपथेवर साक्ष देण्यास नकार दिला. आयोगासमोर त्यांची साक्ष पद सोडल्यानंतर, जानेवारी २०२४ मध्ये झाली.

निवडणूक पद्धत

ही निवडणूक पक्षविरहित असते. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या पक्षाचा उल्लेख नसतो. उमेदवाराकडे कायद्याने ठरविलेली पोलीस सेवेची पात्रता असावी लागते. प्राथमिक फेरीत कोणासही निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तो तेथेच विजयी होतो. अन्यथा पहिल्या दोघांत अंतिम लढत होते. मुदत चार वर्षांची असते.

प्राथमिक फेरी

प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार होते. लूना यांच्याव्यतिरिक्त लॉस एंजेलस विमानतळाचे पोलीस प्रमुख सेसिल रॅम्बो, विभागातील लेफ्टनंट एरिक स्ट्राँग आदी रिंगणात होते. व्हिलानुएवा यांना सुमारे ३१ टक्के व लूना यांना सुमारे २६ टक्के मते मिळाली. विद्यमान शेरीफविरुद्ध सुमारे ६९ टक्के मते पडल्यामुळे अंतिम लढत त्यांना कठीण जाणार हे स्पष्ट झाले.

प्रचार

लूना हे १९८५ पासून लाँग बीच पोलीस दलात होते व २०१४ ते २०२१ या काळात त्याचे प्रमुख होते. विभागातील गटांचे उच्चाटन, देखरेख संस्थांशी सहकार्य, तुरुंगांची सुधारणा आणि लोकांचा विश्वास पुन्हा संपादन करणे हे त्यांच्या प्रचाराचे मुद्दे होते. त्यांच्या नेतृत्वाखालील लाँग बीच दलावरही टीका झाली होती. संदेश आपोआप नष्ट करणाऱ्या भ्रमणध्वनी ॲपचा वापर त्या दलात होत असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले होते.

पर्यवेक्षक मंडळ विभागाचा निधी रोखत असून गुन्हेगारी व बेघरांच्या प्रश्नाला तेच जबाबदार आहे, अशी व्हिलानुएवा यांची भूमिका होती. २०१८ मध्ये त्यांना साथ देणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या काउंटी शाखेने या वेळी लूना यांना पाठिंबा दिला.

प्रचाराच्या काळात दोन घटना गाजल्या. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचा मृत्यू झालेल्या २०२० च्या हेलिकॉप्टर अपघातस्थळाची छायाचित्रे कर्मचाऱ्यांनी इतरांना दाखविल्याच्या खटल्यात ऑगस्ट २०२२ मध्ये ज्युरीने काउंटीला एकूण ३ कोटी १० लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले. सप्टेंबरमध्ये विभागाने मंडळाच्या सदस्या शीला क्यूल यांच्या घराची झडती घेतली. क्यूल या व्हिलानुएवा यांच्या टीकाकार असल्यामुळे या कारवाईमागे सूड असल्याचा आरोप झाला. व्हिलानुएवा यांनी तो नाकारला.

निकाल

अंतिम फेरीत लूना यांना सुमारे ६१ टक्के व व्हिलानुएवा यांना सुमारे ३९ टक्के मते मिळाली. टपाली मतांमुळे मोजणी लांबली. व्हिलानुएवा यांनी १५ नोव्हेंबर रोजी पराभव मान्य केला. डिसेंबर २०२२ मध्ये लूना यांनी काउंटीचे ३४वे शेरीफ म्हणून कार्यभार स्वीकारला.

मेझर ए

२०२२ पर्यंत शेरीफला मुदतीपूर्वी हटविण्याचे मार्ग मर्यादित होते. मतदारांनी सह्या गोळा करून त्याला परत बोलावणे किंवा न्यायालयीन प्रक्रिया यांवरच अवलंबून राहावे लागे. मेझर ए नुसार कायद्याचे उल्लंघन, कर्तव्यात गंभीर कसूर, सार्वजनिक निधीचा गैरवापर, कागदपत्रांत खोटेपणा अथवा चौकशीत अडथळा या कारणांसाठी मंडळ पाचपैकी चार मतांनी शेरीफला पदच्युत करू शकते. यामुळे जनतेचा कौल पाच व्यक्ती फिरवू शकतील, असा विरोधकांचा आक्षेप होता. निवडणूक चार वर्षांनी येत असल्याने मधल्या काळातही शेरीफवर अंकुश हवा, असा समर्थकांचा युक्तिवाद होता. प्रस्तावाला सुमारे ७२ टक्के मते मिळाली. लूना यांना मिळालेल्या मतांपेक्षा हे प्रमाण अधिक होते.

नंतरच्या घडामोडी

लूना यांनी २०२३ मध्ये घटनात्मक पोलीसकामासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले व माजी केंद्रीय अभियोक्ता आयलीन डेकर यांना त्याचे प्रमुख नेमले. डेप्युटींच्या गटांविरुद्धचे नवे धोरण २०२४ मध्ये जाहीर झाले. तुरुंगांचा प्रश्न मात्र सुटला नाही. तेथील परिस्थिती अमानवी असल्याचा आरोप करीत राज्याचे महाधिवक्ता रॉब बोंटा यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये काउंटी व शेरीफ विभागाविरुद्ध दावा दाखल केला. बाका यांच्या राजीनाम्याला कारणीभूत ठरलेली चौकशीही याच तुरुंगांविषयी होती.

मार्च २०२४ मध्ये व्हिलानुएवा यांनी पर्यवेक्षक मंडळाची निवडणूक लढविली. तीत जॅनिस हान यांच्याकडून ते पराभूत झाले.

हे सुद्धा पहा

लॉस एंजेलस काउंटी
मुंबईचे नगरपाल
कॅलिफोर्निया