नव्वद दिवसांचा हिशेब

सुटकेची मोहीम म्हटलं की डोळ्यांपुढे मोर्चे येतात, फलक येतात, सह्यांची निवेदनं येतात. कामगारांच्या वकील सुधा भारद्वाज यांच्यासाठी हे सगळं झालंच. पण भायखळ्याच्या तुरुंगातून त्या बाहेर आल्या त्या दिवस मोजण्याच्या एका हिशेबामुळे आणि माहितीच्या अधिकारात मिळालेल्या एका उत्तरामुळे. हे कळल्यापासून माझं नवल ओसरलेलं नाही.

चाकणजवळच्या आमच्या कुरुळीत बसून याच्याशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. कोरेगाव भीमा इथून चाकण-शिक्रापूर रस्त्याने फारसं लांब नाही. 1 जानेवारी 2018 ला तिथे हिंसाचार झाला. आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर एल्गार परिषद भरली होती. तिचा धागा धरून पुणे पोलिसांनी देशभरातून वकील, प्राध्यापक, कवी, कार्यकर्ते पकडले. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, म्हणजे एनआयएकडे गेला आणि आरोपी 16 झाले. माओवाद्यांशी संगनमत केल्याचा आरोप आहे. आरोपींनी तो नाकारला आहे.

सुधाताई त्यांतल्या एक. आयआयटी कानपूरला गणित शिकलेल्या. अमेरिकेत जन्मल्यामुळे तिथलं नागरिकत्व होतं, ते सोडून दिलं. छत्तीसगडमध्ये कामगारनेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेत गेल्या, कामगारांमध्येच राहिल्या आणि त्यांचे खटले लढवता यावेत म्हणून चाळिशीच्या सुमारास वकील झाल्या. सिमेंट कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांसाठी त्या वर्षानुवर्षं कोर्टात उभ्या राहिल्या. आमच्याकडे पहिल्या पाळीला कंपन्यांच्या बसमधून उतरणारी पोरं पाहा. गळ्यात गेटपास, अंगात तोच गणवेश, काम तेच. पण कायम कामगाराचा पगार वेगळा आणि कंत्राटाच्या पोराचा वेगळा. त्या पोरांना सुधाताईंची ओळख पटायला वेळ लागू नये.

आता तो हिशेब. या खटल्यात लावलेल्या दहशतवादविरोधी यूएपीए कायद्यात आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. नेहमीची वाट इथेच बंद होते. पण कायद्यात एक खिडकी आहे, डिफॉल्ट बेल. 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. मग पुरावा किती भक्कम हे पाहायचंच नाही. यूएपीएत ही मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती योग्य न्यायालयानेच वाढवायची. पुण्याच्या सत्र न्यायाधीशांनी 26 नोव्हेंबर 2018 ला ती वाढवून दिली होती. ते न्यायाधीश अशा खटल्यांसाठी विशेष न्यायाधीश म्हणून नेमलेले होते का? इतका साधा प्रश्न! वकिलांनी माहितीच्या अधिकाराचा आधार घेतला आणि उत्तर आलं की नव्हते. म्हणजे मुदतवाढच बेकायदा. मुंबई उच्च न्यायालयाने मोजणी केली: तुरुंगाआधी त्या घरीच नजरकैदेत होत्या, ते दिवस वगळता 90 दिवस 25 जानेवारी 2019 ला संपले होते आणि आरोपपत्र फेब्रुवारीत आलं. 1 डिसेंबर 2021 ला जामीन मंजूर झाला, सर्वोच्च न्यायालयाने एनआयएचं अपील फेटाळलं आणि 9 डिसेंबरला त्या बाहेर आल्या.

याच निकालाची दुसरी बाजू मात्र जिव्हारी लागते. त्याच न्यायालयाने त्याच दिवशी आणखी आठ जणांची मागणी फेटाळली. डिफॉल्ट बेलचा हक्क आपोआप मिळत नाही. आरोपपत्र येण्याआधी अर्ज करून तो मागावा लागतो. सुधाताईंचा अर्ज आधीच पडून होता. या आठ जणांनी हक्क वेळेत मागितला नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणून कच्च्या कैद्याच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांनी घोषणेइतकंच कॅलेंडरही जपलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

याच खटल्यातले आणखी एक आरोपी फादर स्टॅन स्वामी यांच्यासाठी कॅलेंडर पुरलं नाही. वय 83, पार्किन्सन्समुळे थरथरणारे हात. पेला धरता येत नाही म्हणून नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितला. एनआयएने उत्तर द्यायला 20 दिवस घेतले. तेवढ्यात ओळख ना पाळख अशा लोकांनी तळोजा तुरुंगाच्या आणि एनआयएच्या पत्त्यावर सिपर पाठवायला सुरुवात केली. मला ही मोहीम सगळ्या मोर्चांहून मोठी वाटते: पाणी पिण्याचं साधं प्लॅस्टिकचं भांडं, वर पत्ता, आत बाकी काही नाही. शेवटी तुरुंगाने त्यांना सिपर दिला. 5 जुलै 2021 ला, जामिनाचं अपील प्रलंबित असतानाच, ते गेले. मृत्यूची बातमी ज्या खंडपीठाला सांगितली गेली, त्याच खंडपीठाने पाच महिन्यांनी सुधाताईंचा निकाल दिला.

डिफॉल्ट बेल नाकारल्या गेलेल्या त्या आठांपैकी रोना विल्सन आणि सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2025 ला जामीन दिला. दोघंही जून 2018 पासून आत होते. न्यायालयाने कारण दिलं ते दीर्घ कैदेचं: तोपर्यंत आरोपनिश्चितीही झालेली नव्हती आणि तपासायचे साक्षीदार तीनशेच्या वर होते.