मोटारसायकलच्या सांगाड्यासाठी घरगुती जिग : मापन व उष्णता यांचा विचार

इ. स. १९५० च्या जून महिन्यात आयल ऑफ मॅन बेटावरील शर्यतींत नॉर्टन कंपनीच्या मोटारसायकलींनी सीनियर व ज्युनियर या दोन्ही गटांत पहिले तिन्ही क्रमांक मिळविले. या यशाचे श्रेय एंजिनाइतकेच बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी रचलेल्या नव्या सांगाड्यास दिले जाते. हाच सांगाडा पुढे ‘फेदरबेड’ या नावाने प्रसिद्धीस आला. तो बांधण्यासाठी मॅककँडलेस यांनी आपली हत्यारे व जिग स्वतःबरोबर इंग्लंडला नेले होते. नामांकित कारखान्याचे काम एका कारागिराने स्वतः बनविलेल्या साधनांवर व्हावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. मग जिगचे मर्म कशात असते? किंमतीत, वजनात, की आणखी कशात? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

जिग म्हणजे जोडावयाचे भाग, जोडकाम पुरे होईपर्यंत, ठरलेल्या जागी व ठरलेल्या कोनात धरून ठेवणारी बैठक. मोटारसायकलच्या सांगाड्यात नळ्या पुष्कळ असल्या तरी भूमितीच्या दृष्टीने महत्त्वाचे अक्ष तीनच. हँडलचा दांडा ज्या आखूड नळीत फिरतो त्या शीर्षनळीचा अक्ष हा पहिला. मागचा झुलता हात, म्हणजे स्विंग आर्म, ज्या खिळीवर फिरतो तिचा अक्ष हा दुसरा. आणि मागच्या चाकाचा अक्ष हा तिसरा. दुसरा व तिसरा अक्ष परस्परांस समांतर आणि वाहनाच्या मध्यप्रतलास लंब असले पाहिजेत. पहिला अक्ष त्या मध्यप्रतलातच पडला पाहिजे. बाकीच्या नळ्यांचे काम हे तीन अक्ष आपापल्या जागी टिकविणे एवढेच.

येथे होणाऱ्या चुकीचे मोल किती, ते पाहू. शीर्षनळी पुढून पाहता अर्ध्या अंशाने एका बाजूस झुकली, तर अक्षाच्या दिशेने ६०० मि. मी. अंतरावर असलेला पुढच्या चाकाचा मध्य सुमारे ५ मि. मी. बाजूस सरकतो. तिच्या मागे असलेल्या कलाची गोष्ट अशीच आहे. चाकाची त्रिज्या ३१० मि. मी., शीर्ष-अक्ष व चाकाचा अक्ष यांतील लंबांतर ६० मि. मी. आणि उभ्या रेषेपासूनचा कल २७° धरल्यास ट्रेल, म्हणजे शीर्ष-अक्ष जमिनीस जेथे मिळतो त्या बिंदूच्या मागे चाकाचा स्पर्शबिंदू जितका असतो ते अंतर, सुमारे ९१ मि. मी. येते. कल २८° झाला की तेच अंतर ९७ मि. मी. होते. डोळ्यांस न जाणवणारा हा फरक स्वाराच्या हातांस जाणवतो. आणि वाहन वेगात असता एका बाजूस ओढू लागले तर त्याचा भार स्वाराच्या जिवावर पडतो.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. चाकांच्या मध्यांतील अंतर सर्वसाधारणपणे १·४ मीटरच्या आसपास असल्यामुळे आधारासाठी सुमारे १·८ मीटर लांबीचा जाड गर्डर पुरतो. तो भंगारातला असला तरी चालेल. मात्र ताणलेल्या तारेने त्याचा सरळपणा तपासून घ्यावा. त्यास चारऐवजी तीन पाय द्यावेत. तीन बिंदूंनी प्रतल निश्चित होते व बैठक डुगडुगत नाही. पाणसळीने आधार सपाट करून त्यावर मध्यरेषा कोरावी. शीर्षनळी धरण्यासाठी सरळ कांबीवर दोन शंकू सरकवावेत. नळीच्या दोन्ही तोंडांत शंकू बसले की नळी आपोआप कांबीच्या मध्याशी येते. कल कोनमापकाने मोजण्यापेक्षा लांबीने मोजणे अधिक विश्वसनीय. कांबीवर ५०० मि. मी. अंतरावर दोन खुणा करून वरच्या खुणेवरून ओळंबा सोडला असता, २७° कलासाठी खालच्या खुणेचे ओळंब्यापासूनचे आडवे अंतर २२७ मि. मी. आले पाहिजे. त्यात १ मि. मी. चूक झाली तरी कोनातील चूक सुमारे ०·१३° एवढीच राहते. खिळीचा व मागच्या चाकाचा अक्ष दाखविणाऱ्या दोन कांबी आधारावरील खांबांत बसवाव्यात.

येथपर्यंतचे काम चिकाटीचे असले तरी अवघड नाही. खरी अडचण वेल्डिंगची ज्योत पेटल्यावर सुरू होते. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ०·०१२ मि. मी. प्रसरण पावते, १०० मि. मी. लांबीचा भाग ५००° ने तापला तर तो ०·६ मि. मी. वाढू पाहतो. ही वाढ घट्ट आवळलेल्या जिगने रोखली तर काय होईल? सौम्य पोलादाचे पराभव प्रतिबल, म्हणजे ज्यापुढे धातूचे विरूपण कायम होते ते प्रतिबल, दर चौ. मि. मी. ला २५० न्यूटन व यंग गुणांक २,००,००० न्यूटन धरला, तर दोन्ही टोकांस पूर्ण जखडलेली नळी सुमारे १०४° तापताच पराभूत होते. पुढची सारी वाढ ती जाडीत दबून सोसते, आणि थंड होताना आखडू पाहते तेव्हा ताणाखाली येते. सारांश, जिग मजबूत केल्याने आकुंचन नाहीसे होत नाही. ते प्रतिबलाच्या रूपाने सांगाड्यात दडून बसते व पकड सैल करताच बाहेर पडते.

म्हणून जोडकामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम सर्व सांध्यांना छोटे टाके द्यावेत. नंतर डावीकडे एक, उजवीकडे एक, अशा क्रमाने आखूड सांधे घालीत जावे, म्हणजे दोन्ही बाजूंचे आकुंचन परस्परांस तोलील. लांबीच्या दिशेने एक टोक सरकण्यास मोकळे ठेवावे. शीर्षनळीत बेअरिंगच्या बैठका असतात. त्यांचे अंतिम मापकाम वेल्डिंगनंतरच करावे, कारण उष्णतेने त्यांचा गोलपणा बिघडतो.

सांगाडा पूर्ण थंड झाल्यावर पकडी एकेक करून सोडाव्यात. खिळीची कांब हाताने सहज निघाली तर काम साधले. हातोडा घ्यावा लागला तर आत किती प्रतिबल दडले आहे याची ती साक्ष समजावी. त्यानंतरची कसोटी मात्र जिगवर घ्यावयाची नाही. सांगाडा मोकळा ठेवून खिळीच्या कांबीवर मध्यापासून दोन्ही बाजूंस समान अंतरावर एकेक बिंदू घ्यावा, आणि त्या दोहोंपासून शीर्ष-अक्षावरील वरच्या व खालच्या बिंदूंची अंतरे मोजावीत. प्रत्येक जोडीतील दोन्ही अंतरे सारखी आली तर ते बिंदू, आणि म्हणून सारा अक्ष, मध्यप्रतलात आहे हे भूमितीनेच सिद्ध होते. या कसोटीस जिगचा आधार लागत नाही, हेच तिचे महत्त्व. जिग स्वतः वाकडा असेल तर त्यावर बनलेला वाकडा सांगाडा त्यात नेमका बसेल आणि निर्दोष भासेल.

आलेला फरक वहीत टिपून ठेवावा व पुढील सांगाड्यास तेवढी उलट सूट द्यावी. असे केल्यास दुसरा सांगाडा पहिल्याहून सरस होतो, तिसरा दुसऱ्याहून. प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. भंगारातल्या गर्डरवरही अचूक काम होऊ शकते; अट एवढीच, की ज्या साधनाने वस्तू घडविली त्याच साधनाच्या साक्षीवर तिचा निवाडा करू नये. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणाही अभ्यासकास हा नियम परका वाटू नये.