अख्खं मूल कोण पाहणार?

पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळातल्या आतल्या गावातून औंधचं जिल्हा रुग्णालय गाठायचं तर आधी जीपने कान्हे फाटा, मग लोकल, मग रिक्षा. कडेवर सेरेब्रल पाल्सी असलेलं सात-आठ वर्षांचं मूल. त्याला झटके येतात, घास गिळताना ठसका लागतो, पाय आखडलेले. मेंदूचे डॉक्टर एका वारी, हाडांचे दुसऱ्या वारी, फिजिओथेरपी आणखी तिसरीकडे. आईच्या खांद्याला प्लास्टिकची पिशवी. तिच्यात एमआरआयची फिल्म, ईईजीचे कागद, चार दवाखान्यांचे केसपेपर. अशा मुलाच्या उपचारांचा मेळ बहुतेकदा त्या आईलाच घालावा लागतो.

योजनांची वानवा नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी. दोष आढळला की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी. शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांसाठी ‘निरामय’ विमा आहे. त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपी आणि प्रवासभाडंही बसतं, हे किती घरांना ठाऊक असेल? पण प्रत्येक खिडकीवर मुलाचा एकेक भाग तपासला जातो. झटक्याच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. गिळता येत नाही म्हणून वजन वाढत नाही, आणि वाढलं तरी मात्रा जुनीच राहते. हे दोन धागे जोडायचं काम कुणाच्याच टेबलावर नसतं.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७मध्येच सांगितलं होतं की, अशा मुलांच्या सगळ्या नोंदी एका ठिकाणी असाव्यात. पुढे त्यातूनच घराजवळच्या एका डॉक्टरने सर्व उपचारांची सांगड घालायची पद्धत वाढली. आपल्याकडे डॉक्टर लांब असले तरी आशाताई जवळ आहेत. गावातली बाई नीट शिकवली तर नवजात बाळं वाचवते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवलं. त्यांचा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

म्हणून मला वाटतं, सुरुवात एका कागदापासून व्हावी. मुलाचं वजन, औषधं आणि मात्रा, काय भरवायचं, कसं बसवून भरवायचं, पुढची तारीख कुठली. झटका आला तर काय करायचं, हे ठळक अक्षरांत: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ला फोन करा. या कागदाची एक प्रत घरी, एक शाळेत, एक आरोग्य केंद्रात. दर तीन महिन्यांनी आशाताईंनी वजन घेऊन तो अद्ययावत करावा. दोन-तीन तज्ज्ञांच्या तारखा एकाच दिवशी मिळवून द्याव्यात, म्हणजे आईची रोजंदारी एकदाच बुडेल. या कामाचा वेगळा मोबदलाही त्यांना मिळालाच पाहिजे; आधीच्या ओझ्यावर हे फुकट लादून चालणार नाही.

मावळच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी येत्या तपासणी फेरीतच अशा मुलांची गाववार यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे एका जबाबदार माणसाचं नाव लिहावं.