बांधावर टिकणारा कॅमेरा

आज पापड-मसाल्याचा विषय नाही, कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज कॅमेऱ्याबद्दल बोलायचं आहे. लग्नात फिरणारा मोठा कॅमेरा नव्हे, तर पिशवीत मावणारा, पावसात आणि धुळीत नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा. आमच्या ग्रामसंघाने गेल्या वर्षी तो घेतला. घेण्याआधी तीन बैठका वादात गेल्या, म्हणून जे कळलं ते तुम्हालाही सांगतो.

सुरुवात झाली ती एका चुकीपासून. आमच्या वाडीत आक्का होत्या, ऐंशीच्या पुढच्या. नाचणीचं बियाणं कसं निवडायचं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. कणीस उभं असतानाच त्या हात लावून सांगायच्या, हे बियाण्याचं आणि हे खायचं. कापणीच्या आधी आम्ही त्यांना पठारावर घेऊन गेलो आणि फोनवर तासभर व्हिडिओ केला. आमचं पठार म्हणजे पवनचक्क्यांचं, वारा कधी थांबत नाही. घरी येऊन ऐकलं तर नुसतं घूं घूं. चित्र सुरेख आलं होतं. आक्कांचा हात कणसावरून फिरतोय, ओठ हलतायत, आणि शब्द एकही नाही. पुन्हा करू म्हटलं, दिवाळी झाली, लग्नं आली, आणि पौषात आक्का गेल्या.

म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्यावर आम्ही चित्राबद्दल आधी विचारलंच नाही. दुकानदार फोर-के, मेगापिक्सेल असं बरंच बोलत होता. आम्ही विचारलं, "वाऱ्यात आवाज कसा येतो? बाहेरचा माईक लावायला भोक आहे का?" तो जरा गप्प झाला. उघड्यावर चित्र सहसा बरं येतं, ऊन भरपूर असतं. बिघडतो तो आवाज. वारा थेट माईकवर आपटतो म्हणून ती घरघर होते. माईकवर स्पंजची टोपी किंवा केसाळ झूल चढवली की बरीच कमी होते. त्याहून चांगलं म्हणजे बोलणाऱ्या बाईच्या पदराला छोटा कॉलर माईक लावायचा, तोंडापासून वीतभर खाली.

इथे एक अडचण आहे, ती दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. कॅमेरा जितका पाणीबंद, तितकी त्याला भोकं कमी. पाण्यात चालणाऱ्या बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांना माईकची जागाच नसते, किंवा वेगळा जोड विकत घ्यावा लागतो. तो जोडायला झाकण उघडलं की पाणीबंदपणा संपला. शिवाय फोनसाठीच्या कॉलर माईकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात आणि कॅमेऱ्याला बहुधा दोन रेघांची पिन लागते. आमचा पहिला माईक यातच वाया गेला. कॅमेरा घेताना माईक सोबत न्या आणि तिथेच जोडून, ऐकून बघा.

माईकची सोय नसेल तरी उपाय आहे, आणि तो आपण रेडिओवाल्या बायकांना चांगला जमतो. आवाज वेगळा फोनवर घ्यायचा. फोन बोलणाऱ्या बाईच्या कंबरेच्या पिशवीत ठेवायचा, माईक पदराला लावायचा, आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवायची. नंतर संगणकावर टाळीचा आवाज आणि हात जुळण्याचं चित्र एका जागी आणलं की दोन्ही जुळतं.

आता पाणी आणि धूळ. खोक्यावर आयपी लिहून पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, तो जास्तीत जास्त ६. दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतो. ६८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते, म्हणून बारीक अक्षर वाचायचं. पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असेल, तर धुळीची तपासणी सांगितलेलीच नाही असं समजा. पावसाळ्याला ते चालेल, मळणीच्या खळ्यावर नाही. हे सगळं नव्या कॅमेऱ्याचं आणि झाकण घट्ट असतानाचं. झाकणाच्या रबरावर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत जातं. वॉरंटीच्या कागदावर पाण्याने झालेलं नुकसान भरून मिळतं का, तेही पैसे देण्याआधी वाचा.

बैठकीत एकीने विचारलं, "फोन आहे की प्रत्येकीकडे, कॅमेरा कशाला?" प्रश्न रास्त होता. पण मैत्रिणींनो, फोन खरंच प्रत्येकीकडे असतो का? निम्म्या घरांत तो नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ऐन शूटिंगमध्ये कुणाचा तरी फोन येतो, जागा भरलेली असते, आणि चिखलाच्या ओल्या बोटांना काच दाद देत नाही. कॅमेऱ्याला बटण असतं. लावणी करता करता अंगठ्याने दाबता आलं पाहिजे, ही आमची दुसरी अट होती. कॅमेरा गटाचा असतो, घरी कुणाला विचारावं लागत नाही, हीसुद्धा मोठी गोष्ट.

मग उरले दोन प्रकार. एक हँडीकॅम, तळहातावर पट्टा अडकवून धरायचा. त्याला खरा झूम असतो, म्हणजे भिंगं पुढे-मागे सरकून लांबचं जवळ येतं. डिजिटल झूममध्ये चित्र नुसतं ताणलं जातं आणि फुटतं, म्हणून खोक्यावरचा डिजिटलचा मोठा आकडा सोडून द्या, ऑप्टिकल किती ते विचारा. पण साध्या हँडीकॅमला पाऊस सोसत नाही. २०१४ साली जेव्हीसी कंपनीने पाच मीटर पाण्यात चालणारे आणि दीड मीटरवरून पडले तरी टिकणारे हँडीकॅम काढले होते. आपल्यासाठी अगदी योग्य, पण आता मिळाला तर जुनाच मिळेल. त्यांची बॅटरी आतच बसवलेली असते, जुनी झाली की बदलणं अवघड. त्यामुळे जुना घेणार असाल तर पूर्ण चार्ज करून दुकानातच तासभर चालवून बघा.

दुसरा प्रकार अॅक्शन कॅमेरा, काडेपेटीहून थोडा मोठा. गोप्रो कंपनीचे २०१६ नंतरचे बहुतेक हिरो कॅमेरे वेगळ्या डबीशिवाय दहा मीटर पाण्यात चालतात. कपाळाला बांधून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. पण त्यात खरा झूम नसतो, आणि दहा पावलांवरून घेतलेला माणूस मुंगीएवढा दिसतो. दुपारच्या उन्हात लांब शूटिंग केलं की तापून आपोआप बंदही पडतो. पांढऱ्या ओल्या फडक्याची सावली धरायची, मधे मधे थांबायचं.

कोणताही घ्या, दुकानाबाहेर भर उन्हात नेऊन पडद्यावर काही दिसतं का ते बघा. आत ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात. ट्यूबलाइटवरून आठवलं, सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ किंवा पाल निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ६० ठेवलं तर अंगणवाडीतल्या सभेचं चित्र लुकलुकत येतं.

फोर-केच्या मागे लागू नका. हँडीकॅमचं फुल एचडी २४ मेगाबिटने घेतलं तर तासाला सुमारे ११ जीबी जागा जाते, फोर-के १०० मेगाबिटने घेतलं तर ४५. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर एकात साडेपाच तास मावतात, दुसऱ्यात जेमतेम सव्वा तास. आणि बघणार कुठे? गावच्या सभेत, भिंतीवर चादर लावून.

आमच्याकडे दहा गटांचे मिळून तीस हजार जमले होते. काही जणींचं म्हणणं होतं, हे पैसे अंतर्गत कर्जाला द्यावेत, आणि त्यांचं चुकत होतं असं आम्ही आजही म्हणणार नाही. शेवटी अॅक्शन कॅमेरा घेतला, कारण आमच्याकडे चार महिने पाऊस थांबत नाही. कॅमेऱ्याचीच किंमत बघितली असती तर फसलो असतो. जादा बॅटरी, दोन कार्डं, माईकचा जोड, झूल आणि तिपाई यातच जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. झूम नाही, म्हणून आता बाईच्या अगदी जवळ जाऊन उभं राहावं लागतं. आधी लाज वाटायची. पण जवळ गेल्याने आवाजही चांगला येऊ लागला.

हे काम आपल्याला जमेल का, अशी शंका असेल तर शेजारी बघा. अहमदाबादच्या सेवा संघटनेतल्या बायकांनी १९८४ पासून व्हिडिओचं काम सुरू केलं. तेलंगणात झहिराबादजवळच्या पस्तापूरला दलित शेतकरी बायका आपल्या बियाण्यांच्या चित्रफिती स्वतः करतात, आणि २००८ पासून त्यांचा संघम रेडिओही आहे.

यंदा कापणीला आम्ही आक्कांच्या सुनेला पठारावर नेलं. वारा होताच. माईक पदराला, झूल माईकवर, पहिली टाळी तिनेच वाजवली. कणीस हातात धरून ती म्हणाली, सासूबाई असं निवडायच्या, पण त्यातलं निम्मंच मला आठवतंय. ते निम्मं आता स्पष्ट ऐकू येतं. जुना व्हिडिओही आम्ही शेजारी लावून ठेवला आहे. सून बोलते, आणि आक्कांचा हात कुठे थांबतो ते बघत आम्ही उरलेलं जुळवतो.